टाकी

आम्ही पेशाने मास्तर. नाशिकच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत सायन्स शिकवतो. (‘आम्ही’ म्हणजे एकटेच. घरात ‘हम’ बोलून वाढलेल्या माणसाची जीभ मराठीतही ‘मी’वर लवकर येत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

अब्बांचे गॅरेज द्वारकेजवळ. चाळीस वर्षे त्यांनी फियाट, अँबॅसडर आणि जीपचे कार्बोरेटर उघडले. 2021 मध्ये त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द ओठांपर्यंत येऊन अडकू लागला. तरी सकाळी गॅरेजवर नेऊन खुर्चीत बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. काम जुना कारागीर बघायचा, उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही.

2024 च्या मे महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाने सॅन स्टॉर्म आणली. 1998 च्या सुमारास गोव्यात तयार होऊ लागलेली ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार. फायबरची बॉडी, रेनॉचे 1149 सीसीचे इंजिन. रस्त्यावर ती इतकी क्वचित दिसते की वडाळा नाक्यापासून पोरे मागे धावत आली. गंगापूर रोडच्या बंगल्यात ती दोन पावसाळे उभी होती. आता सुरू होई, जागेवर गुरगुरतही छान राही. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर दम कोंडल्यासारखी अडखळे, धक्के देई. मुंबईहून येताना कसारा घाटात तर बंदच पडली. दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू.

अब्बा डोळे मिटून इंजिन ऐकत होते. मग म्हणाले, “टा... टा...”

“टायमिंग?” आम्ही विचारले. त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे पाहायला आम्ही थांबलो नाही. टायमिंग बेल्टचा एखादा दात सरकला तरी गाडी अशी अडखळते, हे आम्ही वाचलेले होते. कारागीर कुरकुरला, तरी बेल्ट बदलला. मग प्लग, मग प्लगच्या वायरी. फरक शून्य. नऊ हजार गेले. गिऱ्हाइकाने ते द्यायचे नाकारले आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. पण जाताना म्हणाला, “चाचा अब बैठ गए. परसों टो करके पूना ले जाता हूँ.” हे अब्बांच्या समोरच. लकव्याने त्यांचे कान गेले नव्हते.

त्या रात्री अब्बा जेवले नाहीत. आम्ही ताट घेऊन बसलो, बोलायचे काही सुचत नव्हते म्हणून गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने ते पुन्हा म्हणाले, “टा...” आम्ही गप्पच. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. “टा... टाकी. टाकी देख. प्यासी है.”

बी.एड.ला आम्हाला प्रश्नकौशल्याचा सूक्ष्मपाठ होता. प्रश्न विचारल्यावर मुलाला विचार करायला वेळ द्यावा, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. त्या पाठाला आम्हाला चांगले गुण पडले होते.

सकाळी ओळखीच्या गॅरेजमधून पेट्रोलचा दाब मोजायचे मीटर मागून आणले. अशा इंजेक्शनच्या इंजिनात साधारण तीन बार दाब लागतो. जागेवर तो ठीक होता. इंजिन तापवून रेस दिली की काटा निम्म्यावर. म्हणजे पंप ओढत होता, पण त्याला मिळत नव्हते. टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात ठेवले. थोड्या वेळात मधोमध रेघ उमटली. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाणी, त्यात काळे कण आणि तपकिरी गाळ. पंपाची जाळी आणि फिल्टर त्याच गाळाने बुजलेले. फिल्टर तर फुंकर मारूनही पार होईना. रबरी नळी आतून मऊ पडून सोलली होती, काळे कण तिचेच.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग आपल्याच जिल्ह्यातल्या मनमाडला, आणि तिकडे मिरजेला, 2001 मध्ये झाले होते. जून 2022 मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, 2025 मध्ये वीसचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. रोज धावणाऱ्या गाडीत तेवढे पाणी साचायला वेळच मिळत नाही. पण महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पाणी वाढत जाते, एका मर्यादेनंतर इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसते, आणि पंप ओढतो तो तळातूनच. जुन्या नळ्यांचे रबर इथेनॉलपुढे टिकत नाही ते वेगळेच. दोष गाडीचा नव्हता, तिच्या उभे राहण्याचा होता. हे सगळे आम्ही नववीला शिकवू शकतो. फक्त त्या दिवशी सुचले नाही.

टाकी उतरवून धुतली, जाळी साफ केली, नळी आणि फिल्टर नवे टाकले. खर्च दोन हजारांच्याही आत. जुने प्लग परत बसवून पाहिले, तर गाडी त्यांच्यावरही तशीच पळाली.

ट्रायलला अब्बांना नेले. गाडी इतकी ठेंगणी की त्यांना आत बसवायला दोघे लागले. पांडवलेणी मागे टाकून विल्होळीच्या चढावर आम्ही पाय दाबला. गाडी न अडखळता चढली. अब्बांचा डावा हात गुडघ्यावर होता, बोटे इंजिनच्या ठेक्यावर हलत होती.

“बा...” ते म्हणाले. “बा... बा...”

आम्हाला तीन-चार शब्द सुचले. एकही बोललो नाही. एक ट्रक गेला, मग एस.टी. गेली.

“बाजू में ले,” अब्बा म्हणाले. “बंद मत कर. सुनने दे.”