औषधाची मात्रा

तुळिंजच्या टेकडीखालीं आमचें बिऱ्हाड. ज्या गोळीनें दोन वर्षें आमचें नैराश्य आंवरून धरलें, ती गेल्या पावसाळ्यांत लागू पडेनाशी झाली. पहांटे तीनलाच झोंप उडे. दोष आपल्याच मनाचा, असें मानून आम्हीं गोळी सोडली. चौथ्या दिवशीं भोंवळ येऊन स्टेशनाच्या जिन्यावर बसलों.

डॉक्टर रागावले नाहींत. थायरॉईड तपासून त्यांनीं तीच गोळी पुन्हां सुरू केली, मात्रा बेतानें वाढविली आणि "गुणास चार-सहा आठवडे लागतील," असें बजावलें. १९५७ सालीं रोलंड कून यांनीं इमिप्रामिनचा गुण प्रसिद्ध केला. त्या औषधासही असाच धीर लागे.

पांचव्या आठवड्यांत एके सकाळीं चहास चव आली. चष्म्याचा नंबर बदलला तर आपण डोळ्यांस बोल लावीत नाहीं. मग मनासच कां लावावा?