घडीची रेघ

आजोबांच्या शेताची कागदपत्रं आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत असत. एखादा जुना दस्त उलगडायला घेतला, की आजी बजावायची, "हळू उकल माय, घडीवर फाटीन ते." कागद जातो तो तिथंच. उघडमीट होऊन घडीवरचे तंतू तुटतात, आणि कितीही दाबून ठेवलं तरी रेघ काही जात नाही.

पुढं चित्रकलेत ही रेघ माझ्या मागे लागली. कुठला कागद टिकतो, ते मी बघू लागले. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन उरतं. तो पिवळा पडतो, तडकतो. सुती चिंध्यांचा हातकागद मात्र नीट जपला तर शतकं काढतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून असा कागद होतो. आमच्या यवतमाळात जिनिंगनंतर सरकीला जे आखूड तंतू चिकटून राहतात, त्यांचाही कागद होतो, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. कागद जपल्याची गोष्टही इथलीच. य. खु. देशपांडे यांनी १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहिलं. महानुभाव पंथाच्या हाती लिहिलेल्या पोथ्या कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, म्हणून ते जमलं.

कागदाकडे बघायला शिकवलं ते चित्रकार झरीना हाश्मी यांनी. जन्म अलीगढचा, १९३७ चा. फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे कराचीला गेले आणि त्या स्वतः देशोदेशी राहिल्या. १९७७ मध्ये त्यांनी कोऱ्या कागदावर नुसती सुई टोचून चित्रं केली. शाई नाही, रंग नाही. २००१ च्या ‘डिव्हायडिंग लाइन’मध्ये सगळ्या कागदावर एकच वेडीवाकडी काळी रेघ आहे, भारत-पाकिस्तानच्या सीमेची. लाकडी ठशावर ती रेघ कोरलेली नाही. तिच्या भोवतीचं सगळं लाकूड त्यांनी खरवडून काढलं आणि रेघ तेवढी उभी ठेवली. फाळणीवर इतकं थोडक्यात आणि इतकं खोल बोललेलं दुसरं चित्र मी पाहिलेलं नाही.

मी आमच्या शेताचे धुरे, म्हणजे बांध, कागदावर टोचते. वाटण्यांत त्यातले निम्मे मोडले. मागून सुई घातली, की समोर तंतूंची बारीक कड उभी राहते. डोळे मिटूनही बोटाला धुरा लागतो. प्रदर्शनात काच लावा म्हणतात. मी लावत नाही, कारण काचेआड हात पोचत नाही. हात लागून काही कागद फाटतात. खळीनं जोडून घेते, जोड लपवत नाही.