खुष्कीची वाट

मराठी प्रवासवर्णन हा विषय शिकवताना एक उणीव मला नेहमी जाणवत आली आहे. आपले लेखक परदेशी जातात ते पाण्यावरून किंवा आकाशातून. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त (१८८९) घ्या, पु. लं.ची 'अपूर्वाई' घ्या. गंगाधर गाडगीळांच्या पुस्तकाच्या तर नावातच सात समुद्र आहेत. निघण्याची धांदल असते, पोचल्याचे अप्रूप असते, पण या दोहोंमधली जमीन नसते. बोटीच्या काळात निदान एडन, सुएझ ही नावे येत, पाण्याचा रंग बदलल्याची नोंद होई. विमान आले आणि मधला भाग दोन जेवणे व एक अर्धवट झोप एवढ्यात आटोपला.

आणि तरीही ही जमीन आपल्या भाषेला ठाऊक आहे. 'खुष्की' हा शब्द जुन्या कागदपत्रांत जागोजागी भेटतो. फारसीत खुश्क म्हणजे कोरडे. म्हणून कोरड्या जमिनीवरून जाणारी वाट ती खुष्कीची. मजल, मुक्काम, कूच, सराई, रहदारी, मुसाफिर... लांबच्या रस्त्याचा आपला निम्मा शब्दसंग्रह खैबरखिंडीतून चालत आल्यासारखा वाटतो. 'मजल दरमजल करीत' असे आपण अजून सर्रास लिहितो. (लिहिणाऱ्याने शेवटची मजल कधी मारली, हे विचारू नये.)

म्हणून २०२४ च्या जूनमध्ये वर्तमानपत्रात आलेली एक बातमी मी कापून ठेवली. लंडनमध्ये राहणारे विराजित मुंगळे ठाण्यातल्या आपल्या आईला भेटायला स्वतः गाडी चालवत आले होते. २० एप्रिलला निघाले, १७ जूनला पोचले. ५९ दिवस, सुमारे १८,३०० किलोमीटर, १६ देश. फ्रान्स, जर्मनी, पोलंड, रशिया, पुढे मध्य आशिया, चीन, तिबेट, नेपाळ आणि मग ठाणे. रात्री गाडी चालवणे शक्यतो टाळायचे, दिवसाला साधारण चारशे ते सहाशे किलोमीटर कापायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. ५,२०० मीटर उंचीवर विरळ हवेचा त्रास झाला. कामावरून दोन महिन्यांची रजा काढली होती. परतताना गाडी जहाजाने जाणार आणि मालक विमानाने, असेही बातमीत होते.

बातमीने आपल्या धर्माप्रमाणे आकडे दिले. मी भागाकार करून पाहिला. सरासरी दिवसाला ३१० किलोमीटर पडते. म्हणजे रोजचा वेग पाहता बरेच दिवस गाडी उभीच असली पाहिजे. माझे कुतूहल त्या उभ्या दिवसांपाशी अडकले. सीमेवरच्या रांगेत, परवान्याची वाट पाहत, कुठल्याशा गावातल्या गॅरेजपाशी माणूस काय करतो, कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलतो? प्रवासवर्णन म्हणून जे काही वाचण्यासारखे असते ते बहुधा तिथेच सापडते.

स्टाफरूममध्ये मी हे कात्रण दाखवले तेव्हा एका सहकाऱ्याने स्वच्छ सांगितले, "मॅडम, ही हौस आहे. त्यात आईचे नाव कशाला?" आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. असा प्रवास ज्याला त्याला जमण्यासारखा नाही, हे उघड आहे. चीनमधून परदेशी गाडी न्यायची तर आधी परवाने काढावे लागतात, सरकारमान्य वाटाड्या बरोबर ठेवावा लागतो. आपली भारतीय गाडी बाहेर काढायची तर बऱ्याच देशांसाठी 'कार्ने' नावाचे सीमाशुल्काचे हमीपत्र लागते. रजा, पैसा, पासपोर्टचे वजन, सगळेच लागते. पण हौस आणि आई यांत मला विरोध दिसत नाही. भारुलता कांबळे २०१६ मध्ये इंग्लंडहून गाडीने निघाल्या, त्यांची वाटही महाडला, सासरच्या गावी येऊन संपली. इतक्या लांबच्या रस्त्याला टोक लागते, आणि ते टोक एखादे घर असावे, ही निवड मला विचार करण्याजोगी वाटते. १९२३ मध्ये मुंबईहून सायकलींवर निघालेल्या आणि १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलेल्या हकीम, बापासोला आणि भूमगरा या पारशी तरुणांचे ध्येय निराळे होते. त्यांना जग पाहायचे होते. मुंगळ्यांना घरी यायचे होते, फक्त वाट न गाळता.

रस्त्याचा नकाशाही बोलका आहे. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या आणि 'अटकेपार झेंडे' हा वाक्प्रचार आपण कायमचा पदरात पाडून घेतला. पश्चिमेकडून हिंदुस्थानात येणारी खुष्कीची सरळ वाट तीच. १९५७ मध्ये लंडनहून निघालेली बस याच बाजूने कलकत्त्याला आली होती. पुढची वीसेक वर्षे युरोपातली तरुण मुले इराण, अफगाणिस्तान, लाहोर करत दिल्लीला उतरत होती. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता मिटला. त्यामुळे २०२४ ची ही गाडी अटकेच्या वाटेला गेलीच नाही. तिने हिमालयाला उत्तरेकडून वळसा घातला आणि तिबेटातून ती खाली उतरली.

युरोपला ठाणे मात्र नवे नाही. ओदोरिक नावाचा इटालियन ख्रिस्ती साधू १३२० च्या दशकात इराण ओलांडून होर्मुझला आला, तिथून अठ्ठावीस दिवस जहाजात काढून ठाण्याला उतरला. १३२१ मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंच्या अस्थी त्याने येथून उचलल्या आणि चीनपर्यंत वाहून नेल्या. परतताना आपण तिबेटातून आलो, असे तो सांगतो. अभ्यासकांना त्याविषयी शंका आहेत. खरे असेल तर तिबेट आणि ठाणे ही दोन नावे एकाच प्रवासात सातशे वर्षांपूर्वी एकदा येऊन गेली आहेत.

पण वर्गात या बातमीशेजारी मी ठेवते ते गोडसे भटजींना. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट १८५७ मध्ये घरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाले आणि बंडाच्या धुमश्चक्रीत सापडले. 'माझा प्रवास' (१९०७) आपण झाशीच्या वेढ्यासाठी वाचतो. माझ्या मते त्याचा कणा वेगळा आहे. मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले जाते, उरते ती गंगेची कावड. ती खांद्यावरून आणून विष्णुभट आईवडिलांना गंगेचे स्नान घालतात, आणि प्रवास तिथे पुरा होतो. विद्यार्थ्यांना हा शेवट भाबडा वाटतो. गेल्या वर्षी टिटवाळ्याहून येणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पाणी तर कुठलंही चाललं असतं. त्यांना उचलून आणलेलं हवं होतं." मी त्या दिवशी पुढे शिकवले नाही.

इथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. माझा धाकटा भाऊ जर्मनीत असतो. आई माझ्याकडे, डोंबिवलीला. दरवर्षी डिसेंबरात तो येतो, मध्यरात्री उतरतो आणि पहाटे दाराशी उभा असतो. पहिले दोन दिवस आई त्याच्याकडे जरा परक्यासारखी बघते. पडद्यावर तो तिला रोजच दिसत असतो. दारातला त्याचा उंचपणा मात्र तिला दरवेळी नव्याने मोजावा लागतो. तिसऱ्या दिवशी ती त्याला रागावते, म्हणजे तो आला.

२०२० च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमाने थांबली आणि एप्रिलमध्ये बाबा गेले. कल्याण-शीळ रस्ता मी इतका रिकामा कधी पाहिला नव्हता. भावाने सगळे फोनच्या पडद्यावर पाहिले. त्या रात्री उशिरा त्याने विचारले, "ताई, गाडीने किती दिवस लागले असते गं?" जमिनीवरच्या सीमाही बंद होत्या, प्रश्नाला काही अर्थ नव्हता, आणि ते त्यालाही माहीत होते. पण जर्मनीला गेल्यापासून चौदा वर्षांत आपल्यामध्ये किती जमीन आहे, हे आमच्यापैकी कोणी प्रथमच विचारत होते. मी उत्तर दिले नाही. पुढे चार वर्षांनी त्या बातमीत आकडा सापडला. लंडनहून ५९.

आईला मी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा देश, किलोमीटर यांत तिला रस नव्हता. तिने विचारले, "आज मुक्काम कुठे, ते रोज कळत असेल ना गं त्याच्या आईला?" तिच्या लहानपणी तिचे वडील बैलगाडीने बाजाराला जात. संध्याकाळी तिची आजी ओसरीवर बसून सांगे: आता घाट चढत असतील, आता नदी उतरले असतील. येणारा माणूस घरात पोचण्याआधी तासन्‌तास घरात येत असे. पाचशे किलोमीटर, मग रात्रीचा मुक्काम, मग पुन्हा पाचशे. मुंगळ्यांच्या मातोश्रींच्या घरी ते ५९ दिवस कसे गेले असतील, याची बातमी कोणी दिली नाही. ती मला वाचायला आवडली असती.

तेव्हापासून बाबांचा शाळेतला जुना ॲटलास माळ्यावरून खाली आला आहे. त्यात सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे. कझाकस्तान शोधताना आमची थोडी पंचाईत झाली. मागच्या आठवड्यात भावाने तिकीट काढल्याचे कळवले. आईने त्याला विचारले, "वाटेत कुठेकुठे थांबशील?"

"दोहाला, आई. फक्त दोन तास."

"बरं," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळून ॲटलास दे म्हणून हात केला. "दोहा कुठंय ते बघून ठेवते."