टाकी भरली की गळते

आमच्या बोटीचं डिझेल गळतंय हे सगळ्यात आधी बायकोला कळलं. ती बोटीवर नव्हतीच. माझी जीन्स मशीनमध्ये टाकता टाकता म्हणाली, "काय रे, एस्टीच्या मागच्या सीटवर बसून आलास का?"

तर आधी बोटीबद्दल. ऑफिसातला एक मित्र आणि मी, आम्ही दोघांत मिळून एक जुनी २७ फुटी शिडाची बोट घेतली आहे. ती अलामीडात असते, म्हणजे ओकलंडच्या खाडीपलीकडे. शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं सगळे विचारतात. धक्क्यातून बाहेर पडायला, आणि वारा पडला की घरी यायला! आमचं एक सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन आहे, शेतातल्या पंपाच्या जातकुळीचं. केबिनच्या पायऱ्या काढल्या की मागे ते दिसतं. जागा अशी, की पाना एका वेळी सहावा हिस्सा फिरतो. मग काढा, परत लावा, परत फिरवा.

डिझेलचा रस्ता साधा आहे. टाकीतून पहिल्या फिल्टरला (इथे पाणी वेगळं होतं), तिथून लिफ्ट पंपाला, मग दुसऱ्या बारीक फिल्टरला, मग इंजेक्शन पंपाला आणि शेवटी इंजेक्टरला. लिफ्ट पंपाच्या आधी डिझेल ओढलं जातं, नंतर ढकललं जातं. एवढं वाक्य मी तेव्हा नीट समजून घेतलं असतं तर हा लेख लिहावाच लागला नसता.

२०२३च्या मे महिन्यात टाकी काठोकाठ भरली आणि इंजिनखाली थेंब दिसायला लागले. मी सगळे जोड पुसून कोरडे केले आणि प्रत्येकाखाली पांढरा टिशू पेपर ठेवला. सकाळी डाग एकाच ठिकाणी, पहिल्या फिल्टरच्या बोल्टाखाली. मग काय, आवळला. आठवड्याने परत डाग, परत आवळला. चार-पाच फेऱ्या मारून आल्यावर मात्र टिशू कोरडा ठणठणीत! मी मित्राला मेसेज टाकला : फिक्स्ड.

जुलैत बायको आणि सात वर्षांची लेक पहिल्यांदाच बोटीवर आल्या. दुपारी पश्चिमेचा वारा थेट तोंडावर होता, म्हणून खाडीतून इंजिनवर निघालो. शिडं गुंडाळलेली. बंदराच्या क्रेन्सपाशी आलो, आणि इंजिनाने गचका खाल्ला, एकदा उगाच जोरात फिरलं, आणि बंद. समोरून टगबोटी लावलेलं कंटेनरचं जहाज आत येत होतं. त्याचे पाच छोटे भोंगे वाजले. त्याचा अर्थ, तुम्ही काय करताय ते आम्हाला कळत नाहीये. आम्हाला तरी कुठे कळत होतं!

मी डोकं इंजिनात घातलेलं. मित्राने पुढचं शीड उघडलं, बोट वळवली आणि कडेला काढली. लेकीच्या लाइफ जॅकेटची पाठची पट्टी बायकोने मुठीत धरली होती. ती काहीही बोलली नाही. गाडीत घरी येतानाही नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोटीवरच्या आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गळत होतं तेव्हा टाकी किती भरलेली होती?"

अरेच्चा.

टाकी भरलेली असते तेव्हा डिझेलची पातळी त्या जोडाच्या वर असते, म्हणून ते बाहेर झिरपतं. पातळी जोडाच्या खाली गेली की थेंब बंद, पण इंजिन चालू असताना पंप त्याच फटीतून हवा ओढतो. डिझेल इंजिनाला हवेचे बुडबुडे चालत नाहीत. बुडबुडा दाबला जातो, पण इंजेक्टर उघडण्याइतका दाब तयार होत नाही. म्हणजे मी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. फक्त डिझेल जाळून पातळी खाली आणली होती. प्रॉडक्शनमधला बग टेस्ट मशीनवर दिसत नाही म्हणून तिकीट बंद करणाऱ्यांना मी किती नावं ठेवली आहेत!

मग फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा लावला : बुडबुडे नाहीत. नंतर लावला : सोडावॉटर. बोल्ट खोलला, तर दोन्ही तांब्याचे वॉशर कडक आणि चरे पडलेले. हिवाळ्यात फिल्टर बदलताना मीच जुने परत लावले होते. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, मग कितीही आवळा, ते बसत नाही. उलट बोल्टाचे आटे जायचे. आजोबा म्हणाले, लाल होईपर्यंत तापवलं की परत मऊ होतं. मी नवेच आणले. दोन वॉशर एका कॉफीपेक्षा स्वस्त.

(एक सूचना : इंजेक्टरच्या पोलादी नळ्यांवर, इंजिन चालू असताना, हाताने गळती शोधू नका. तिथली बारीक चिळकांडी कातडीच्या आत शिरते आणि थेट ऑपरेशन टेबलावर नेते.)

मग हवा काढायची. ब्लीड स्क्रू सैल करून लिफ्ट पंपाची तरफ अंगठ्याने दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग स्वच्छ डिझेल. लेक टॉर्च धरून पारदर्शक नळीकडे बघत होती. "बाबा, एक आला... अजून एक... आता नाही." मी अजून दहा मिनिटं दाबत राहिलो.

टाकी अर्धी असताना तासभर इंजिन चालवलं, मग काठोकाठ भरून रात्रभर टिशू ठेवला. या वेळी दोन्ही तपासलं. नळीचा तुकडा काढून टाकला, बायकोला टिशूचा फोटो पाठवला. तिने अंगठा दाखवणारी स्मायली पाठवली आहे. बोटीवर यायचं मात्र अजून ठरलेलं नाही.