चौथ्या क्रमांकाचा जल्लोष

10 फेब्रुवारी 2022 रोजी बीजिंगमध्ये युझुरू हान्यू दोनदा बर्फावर पडला आणि हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चौथा आला. सोची 2014 आणि प्योंगचांग 2018 अशी लागोपाठ दोन सुवर्णपदकं त्याच्या नावावर होती. पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये त्याच्या आधी हे शेवटचं साधलं होतं ते अमेरिकेच्या डिक बटनला, 1948 आणि 1952 मध्ये. अशा खेळाडूचं पदक हुकलं की चाहते हळहळतात, पंचांना नावं ठेवतात, फार तर गप्प बसतात. हान्यूच्या चाहत्यांनी मात्र तो दिवस अभिमानाचा मानला आणि आजही मानतात. खान्देशातल्या सोनगीरला राहून, बर्फाच्या मैदानावर कधी पाऊल न टाकता, मी त्याच्या चाहत्यांपैकी एक झालो. या चाहतेपणानं माझं एक मत पक्कं केलं आहे. खेळाडूचा सराव ज्याला माहीत असतो, त्यालाच त्याच्या यशाचा पुरता आनंद घेता येतो, आणि हरलेल्या दिवशीही खेळाडूनं काय कमावलं ते त्यालाच दिसतं.

त्या दिवशी काय कमावलं, ते कळायला ॲक्सेल नावाची उडी समजून घ्यावी लागते. फिगर स्केटिंगमध्ये मुख्य उड्या सहा. त्यांतल्या पाच उड्यांत खेळाडू पाठमोरा सरकत येतो आणि उडतो. ॲक्सेल ही एकटीच अशी, की तोंड पुढं ठेवून झेप घ्यायची असते. उतरायचं मात्र इथंही पाठमोरंच, म्हणून या उडीत अर्धी गिरकी जास्तीची येते. चौपट ॲक्सेल म्हणजे साडेचार गिरक्या, आणि त्यासाठी हवेत मिळणारा वेळ एका सेकंदापेक्षाही कमी. उतरताना अंगाचा सगळा भार एका पायावर येतो, तोही जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या पोलादी पात्यावर. पात्याच्या तळाशी लांबीभर बारीक खोबण असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा तयार होतात. उतरायचं ते बाहेरच्या धारेवर. कोन थोडा जरी चुकला तरी पाय निसटलाच. ही उडी तोवर जगात कुणालाच स्पर्धेत साधलेली नव्हती. कोरोनाच्या काळात हान्यू आपल्या जन्मगावी, सेंदाईत, एकटाच, प्रशिक्षक जवळ नसताना, तिचा सराव करत राहिला. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा उजवा घोटा दुखावला. बीजिंगला पहिल्या फेरीत पातं बर्फातल्या खड्ड्यात अडकलं, एक मोठी उडी वाया गेली आणि तो आठव्या स्थानावर ढकलला गेला. हातात असलेल्या उड्या नीट मारून वर सरकायचा रस्ता मोकळा असताना त्यानं दुसऱ्या फेरीची सुरुवातच चौपट ॲक्सेलनं केली. गिरकी पूर्ण भरली नाही, तो पडला. तरी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चौपट ॲक्सेल म्हणून अधिकृत नोंद झालेला पहिला प्रयत्न तोच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या इलिया मालिनिननं ती उडी निर्दोष उतरवून दाखवली, तेव्हा हान्यूचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी होतं.

नुसता निकालाचा तक्ता वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही. तक्त्यात चौथा क्रमांक आहे आणि दोनदा पडल्याबद्दल कापलेले गुण आहेत. चाहत्यांना मात्र सेंदाई माहीत होतं. 1994 साली तिथं जन्मलेला, लहानपणापासून दम्यानं बेजार असलेला हा मुलगा थोरल्या बहिणीच्या मागं मागं चौथ्या वर्षी बर्फावर उतरला. 2004 च्या अखेरीस त्याचं सरावाचं मैदान पैशाअभावी बंद पडलं आणि ऐन वाढीच्या वयात त्याचे सरावाचे तास घटले. त्याच मैदानावर घडलेल्या शिझुका अराकावानं 2006 मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, मैदान पुन्हा सुरू व्हावं म्हणून ती बोलली, आणि 2007 मध्ये ते उघडलं. मग 11 मार्च 2011 चा भूकंप. हान्यू त्या वेळी बर्फावरच होता, पायातले स्केट न काढता तो बाहेर धावला. पुढचे काही दिवस कुटुंबासह निवारा केंद्रात काढले. मैदान निकामी झालेलं, म्हणून गावोगावच्या आइस शोमध्ये, साठेक कार्यक्रमांत, तो सराव म्हणून स्केटिंग करत हिंडला. 2012 मध्ये ब्रायन ऑर्सर या प्रशिक्षकाकडे शिकायला टोरोंटोला गेला आणि दोन वर्षांत ऑलिम्पिक विजेता झाला. 2018 च्या एप्रिलमध्ये सेंदाईच्या रस्त्यावर त्याची मिरवणूक निघाली, तेव्हा लाखाच्या वर लोक जमले होते. त्यांतल्या कितीतरी जणांनी बंद मैदान आणि भूकंप दोन्ही भोगलं होतं. फिगर स्केटिंगमध्ये मुख्य स्पर्धेच्या आधीच्या अधिकृत सरावाचीही तिकिटं विकली जातात, आणि हान्यूचा सराव बघायला ती तिकिटं काढून लोक येत. उडी फसली, तो उठला, पुन्हा त्याच जागी गेला, एवढंच बघायला माणसं पैसे मोजत होती. चाहतेपणाचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

आमच्याकडे यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘जपानना पोऱ्यासंगे आपलं काय लेनंदेनं शे?’ उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं जाणाऱ्या मुलखात बर्फावरच्या खेळाचं कौतुक उपरं वाटावं, हे मी समजू शकतो. पण सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव आहे. इथल्या जाणत्या गिऱ्हाइकाला नुसती चकाकी पुरत नाही. मठारलेल्या हंड्यावर तो हात फिरवतो, हातोडीच्या खुणा एकसारख्या बसल्यात का ते पाहतो, टिचकी मारून नाद ऐकतो, आणि मग किमतीचं बोलतो. घडण ओळखून वस्तूचं मोल करायची हीच रीत खेळाला लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. शिवाय ती आपल्याकडे खेळातही जुनीच आहे. खान्देशातल्या जत्रांत नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत आखाड्याभोवती बसणारी म्हातारी माणसं फक्त चितपट मोजत नाहीत. पट काढताना कुणाची पकड सुटली, कुणाचा दम आधी गेला, वस्तादानं खालून काय सांगितलं, यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीचं इनाम दोघांत वाटून देतात. हरलेल्या पोरानं चांगली लढत दिली तर त्याच्याही हातावर कुणीतरी नोट ठेवतो. त्या माणसांना बीजिंगचा चौथा क्रमांक समजावून सांगावा लागला नसता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. स्केटिंगमध्ये पंच गुण देतात, मग ज्याला गुण देणारी माणसं आहेत तो खेळ कसला, ती तर नृत्यस्पर्धा झाली, असं म्हणणारे आहेत. पंचांचा प्रश्न खोटा नाही. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जोडीच्या स्केटिंगच्या निकालावरून एवढा गदारोळ झाला, की दोन सुवर्णपदकं द्यावी लागली आणि सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत पुढं मोडीत निघाली. आता प्रत्येक उडीची मूळ किंमत ठरलेली असते, आणि ती कशी मारली यावर उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी मिळते. गिरकी किती भरली हे चित्रफीत सावकाश फिरवून तपासतात. तरी वाद उरतात. पण म्हणून कुस्ती निर्विवाद आहे असं कुणी म्हणू नये. गादीवर आता गुणांचीच कुस्ती चालते, आणि 2025 च्या महाराष्ट्र केसरीत अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून झालेला गोंधळ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. उलट, पंचांवर भरवसा कमी असेल तिथं सराव जाणणाऱ्या प्रेक्षकाची गरज वाढते. गुणफलक चुकला तरी काय घडलं हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता येतं, त्याचा आनंद पंचांच्या हाती नसतो.

मला सर्वांत अवघड वाटतो तो तिसरा आक्षेप. सरावाचं कौतुक करता करता आपण खेळाडूच्या दुखण्याचं कौतुक करायला लागतो. 8 नोव्हेंबर 2014 रोजी शांघायमध्ये स्पर्धेआधीच्या सरावात हान्यू आणि चीनचा हान यान एकमेकांवर वेगानं आदळले. हान्यूच्या डोक्याला आणि हनुवटीला लागलं, रक्त आलं. पट्टी बांधून तो बर्फावर परतला, पाच वेळा पडला आणि दुसरा आला. त्याच्या जिद्दीच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट हमखास सांगितली जाते. मी ती जिद्दीची म्हणून सांगणार नाही. डोक्याला मार लागलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला त्या दिवशी थांबवायला हवं होतं, आणि हे त्याच्यावर जीव असलेल्यांनीच सर्वांत मोठ्यानं म्हणायला हवं. आपल्या आखाड्यांतही सुजलेला गुडघा पट्टीखाली लपवून लढणाऱ्या पैलवानाला टाळ्या मिळतात आणि पुढच्या हंगामात तो दिसेनासा झाला तर कुणी विचारत नाही. पण या आक्षेपाचं उत्तर सरावाकडे पाठ फिरवण्यात नाही. ज्याला सराव माहीत आहे त्याला विश्रांतीही सरावाचाच भाग आहे हे माहीत असतं. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये घोटा दुखावल्यावर हान्यू जवळपास तीन महिने एकाही स्पर्धेत उतरला नाही आणि थेट प्योंगचांगला येऊन जिंकला. त्या तीन महिन्यांत त्याला स्पर्धेपासून दूर ठेवण्याचा निर्णय मला शांघायच्या चार मिनिटांपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. चाहत्यांनी वाट पाहिली, त्याचंही श्रेय त्यांना द्यायला हवं.

राहिला पैशाचा मुद्दा. हा श्रीमंत देशांचा खेळ, आपल्याला काय त्याचं, असं म्हणतात. बर्फ राखायला वीज लागते आणि वीज महाग आहे, हे खरंच. डेहराडूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेलं बर्फाचं बंदिस्त मैदान स्पर्धा संपल्यावर वर्षानुवर्षं बंद राहिलं, ते 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात ज्या मुलांचं वय निघून गेलं त्यांना ते परत मिळणार नाही. भारताकडून उतरणारी तारा प्रसाद अमेरिकेत वाढली आणि तिथंच घडली, यात नवल नाही. पण सेंदाईही पैशाअभावीच बंद पडलं होतं, हे विसरून चालणार नाही. तिथं फरक पडला तो विजेत्यांनी आणि त्यांच्या लोकांनी मैदानाला आपलं मानल्यामुळे. हान्यूनं आपल्या आत्मचरित्राचं मानधन त्याच मैदानाला दिलं. पुस्तक विकत घेणाऱ्या प्रत्येक चाहत्याचा पैसा त्या बर्फात गेला. आपल्याकडे 1952 मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेल्या खाशाबा जाधवांची कराडहून दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी प्रेमाच्याच, पण खाशाबांच्या कामी आली ती दुसरी. मिरवणूक एका दिवसात पांगली, खाशाबांची पुढची वर्षं उपेक्षेत गेली, 1984 मध्ये अपघातात ते वारले आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यांच्यानंतर. भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक पुन्हा दिसायला 1996 उजाडावं लागलं.

म्हणून माझं मागणं खान्देशातल्या जत्रा समित्यांकडे आहे, बर्फाच्या मैदानाचं नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी 2014 ते 2016 असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीचे किताब आणले, पुढं पोलीस खात्यात गेल्यावर 2023 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, तेव्हा आपण फटाके वाजवले, फलक लावले. त्यात गैर काहीच नाही, सेंदाईच्या लोकांनीही रस्ते भरून टाकले होते. मात्र खान्देशातल्या या त्रिवार विजेत्याला घडायला पुण्याची तालीम गाठावी लागली, हेही त्या फलकांसमोर उभं राहून आठवायला हवं. कुस्त्यांच्या दंगलीसाठी गावोगाव वर्गणी निघते, इनामांचे आकडे पत्रकांवर ठळक छापतात. त्या वर्गणीचा दहावा हिस्सा दरवर्षी आधी बाजूला काढावा आणि जवळच्या तालमीच्या गादीला, छपराला, दुखापत झालेल्या पोराच्या औषधपाण्याला द्यावा. पत्रकावर इनामांच्या यादीत ती रक्कमही छापावी, सर्वांत वर.