एका नव्या पैशाचा खटला

पुणे

ती. मामा,


पेपर म्हणजे आता निव्वळ मालकांचा धंदा, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. ते मनातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. सध्या कॉलेजात आम्हाला राज्यघटना शिकवताहेत. त्यात एक खटला असा आला की, तुमची आठवण झाली. खटला आहे तुमच्या एजन्सीच्या रोजच्या गठ्ठ्यातल्या ‘सकाळ’चा, आणि तो चालला सर्वोच्च न्यायालयात.

डॉ. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि 1 जानेवारी 1932 ला त्यांनी पुण्यात ‘सकाळ’ काढला. पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’सारखं दैनिक होतंच, ‘केसरी’चा दरारा होता. पण त्या परंपरेत अग्रलेख आधी वाचला जाई. नानासाहेबांनी बातमीला पुढे आणलं. गावोगावी बातमीदार नेमले, बाजारभाव छापले, साध्या माणसाला कळेल असं लिहायला लावलं. शेतकऱ्याला गुळाचा भाव कळणं हे त्यांना राजकारणाइतकंच मोलाचं वाटलं, आणि मला त्यांचं मोठेपण तिथेच दिसतं.

आता खटला. मोठ्या पेपरांनी स्वस्तात भरपूर पानं देऊन छोट्यांना गिळू नये म्हणून संसदेने 1956 मध्ये कायदा केला आणि केंद्र सरकारने 1960 मध्ये त्याखाली आदेश काढला. किती किमतीला किती पानं द्यायची, ते सरकार ठरवणार. पुरवण्यांवरही बंधन. ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळायचा. पाच दिवस सहा पानं आणि एक दिवस चार, म्हणजे रविवार सोडून आठवड्याला 34 पानं. आदेशाप्रमाणे त्या किमतीत 24 च देता येत होती. नाहीतर किंमत आठ नवे पैसे करा. खप होता रोजचा सुमारे 52,000, महाराष्ट्रात आणि कर्नाटकात मिळून. एक नवा पैसा! एखाद्या मालकाने तो गिऱ्हाइकाच्या माथी मारून विषय संपवला असता. नानासाहेब मात्र सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत त्यांची मुलगी क्लोद-लीला होती, आणि पेपरच्या वाचकांनीही वेगळे अर्ज केले होते.

25 सप्टेंबर 1961 ला निकाल लागला. निकाल लिहिला न्या. मुधोळकरांनी. किंमत वाढली तर वाचक तुटतात, पानं घटली तर मजकूर तुटतो. दोन्हीकडून घाव भाषणस्वातंत्र्यावरच बसतो, म्हणून कायद्याचं मुख्य कलम आणि तो आदेश रद्द. धंद्यावर लोकहितासाठी बंधन घालता येतं, पण धंद्याचं नाव पुढे करून बोलण्यावर घालता येत नाही, असं न्यायालयाने बजावलं.

मामा, छापण्याइतकाच पेपर लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्कही त्या स्वातंत्र्यात येतो, हे या निकालात पुन्हा ठामपणे मांडलंय. पहाटे एस. टी.तून गठ्ठे उतरवून घेणं, पुरवण्या भरणं, पोरं आली नाहीत तर स्वतः घरोघरी अंक टाकणं, हे तुमचं काम घटनेच्या एकोणिसाव्या कलमात बसतं. हे वाचलं तेव्हा मला फार अभिमान वाटला.

छोट्या पेपरांची सरकारला वाटलेली काळजी खोटी नव्हती. तालुक्याची किती दैनिकं बंद पडली, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तरी पानं मोजण्याचा अधिकार सरकारच्या हाती देणं हा त्यावरचा इलाज नव्हे, हे माझं मत ठाम आहे. 1972 मध्ये कागदाच्या टंचाईचं कारण देऊन सरकारने पुन्हा दहा पानांची मर्यादा घातली, तेव्हा ती मोडून काढताना न्यायालयाला ‘सकाळ’चाच निकाल आधाराला मिळाला. हा दुसरा निकाल त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर आला. त्यानंतर थोड्याच काळात, 8 जानेवारी 1973 ला, नानासाहेब गेले. पुढे 1985 मध्ये ‘सकाळ’ पवार कुटुंबाकडे आला. मालक बदलले, पण 1961 चा तो निकाल आजही प्रत्येक पेपरच्या कामी येतो, ‘सकाळ’शी स्पर्धा करणाऱ्यांच्यासुद्धा.

एक काम आहे. आजोबांच्या एजन्सीच्या जुन्या वह्या माळ्यावर असतील, तर 1960-61 च्या तेवढ्या बाजूला काढून ठेवाल का? तेव्हा अंकामागे कमिशन किती मिळायचं आणि गावात किती अंक उतरायचे, ते मला बघायचंय. दिवाळीला येईन तेव्हा सगळ्या वह्या नीट पुसून, बांधून ठेवीन.

मामींना नमस्कार.

तुमची भाची