खटक्याचा चाकू

आमच्या घरात धारेच्या वस्तूंना कधी तोटा नव्हता. खुरपी, विळे, ऊसतोडीचे कोयते, दोन कुऱ्हाडी, आजीचा अडकित्ता, चुलीपुढची विळी. दारामागच्या खुंटीपासून वळचणीपर्यंत कुठंही न बघता हात घालावा तर बोट कापायची भीती. पण घरातल्या पोरांचा जीव अडकलेला असायचा तो एकाच वस्तूत. ती वस्तू आमच्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, मिलच्या मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेली असायची. रामपुरी चाकू. मूठ सगळी पितळेची, भरीव. खटका दाबला की खट्‌कन पातं बाहेर.

आमचा माण तालुका म्हणजे पावसानं टाकलेला मुलूख. घरटी एक माणूस मुंबईला असायचाच. कुणी माथाडीत, कुणी मिलमध्ये. आबा मिलमध्ये होते, साचाखात्यात. लालबागला गावकीची खोली होती, तिथं पाळीप्रमाणं माणसं झोपायची. एक उठला की त्याच्या वळकटीवर दुसरा. आबांच्या शेजारच्या साच्यावर एक उत्तर प्रदेशातला माणूस होता, रामपूरचा. मिलमध्ये माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची रीत. आबांना तो ‘सातारा’ म्हणायचा आणि आबा त्याला ‘रामपूर’. घरी गोष्टी सांगतानासुद्धा आबा ‘रामपूर असं म्हणाला’, ‘रामपूरनं डबा आणला’ असंच बोलायचे. त्यामुळं त्या माणसाचं खरं नाव आमच्या घरात कुणाच्याच तोंडी बसलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. दोन-चार महिन्यांत मिटंल, असं म्हणत आबा गावाकडं आले आणि बांध घालायला लागले. तो संप मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही. दिवाळीच्या तोंडाला आबा पुन्हा मुंबईला निघाले, मिलच्या गेटवर काय चाललंय बघायला. जवळ पैसा नव्हता. थोरलीची बोरमाळ होती, एक तोळ्याची, माहेरनं घातलेली. ती सावकाराकडं ठेवून सहाशे रुपये आणले. पंधरा दिवसांनी आबा परत आले तेव्हा सहाशेतले तीनशे नव्हते आणि पिशवीत हा चाकू होता.

झालं होतं ते असं. रामपूरच्या घरून तार आली होती, आई अत्यवस्थ म्हणून. खानावळीची उधारी अंगावर, गाडीभाड्याला पैसा नाही. आबांनी तीनशे काढून दिले. तो घेईना. शेवटी त्यानं वडिलांकडून आलेला चाकू आबांच्या हातावर ठेवला. पैसे पाठवतो, मग हा परत दे, तोवर तुझ्याकडं ठेव. म्हणजे चाकू दिलेला नव्हता, ठेवलेला होता. आबांच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा होता आणि थोरलीच्या दृष्टीनं काहीच नव्हता.

“माझी बोरमाळ गेली आन् घरात ह्ये खेळणं आलं,” एवढंच ती म्हणाली. पण पुढं पंचवीस वर्षं म्हणत राहिली.

आम्हा पोरांना ते खेळणंच वाटायचं, आणि ते हातात मिळायचं वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची. त्यात आबा ट्रंकेतनं तो चाकू काढायचे. आधी आम्ही गराडा घालायचो. “आबा, खटका दावा की!” आबा एकदाच दाबायचे. दुसऱ्यांदा नाही. कमान थकती म्हणायचे.

तो चाकू आतून कसा चालतो हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. मुठीच्या पोटात पोलादाची एक कमान असते. पातं मिटताना त्याच्या बुडाचा रेटा त्या कमानीवर येतो, ती वाकते आणि तशीच दबून राहते. मग तिला धरून कोण ठेवतं? पात्याच्या बुडाला एक खाच असते, तीत खटक्याची खुंटी बसलेली असते. खटका दाबला की खुंटी खाचेतनं सुटते आणि इतका वेळ दबलेली कमान पात्याला बाहेर फेकते. पातं पुरतं उघडलं की तीच खुंटी दुसऱ्या खाचेत पडते, म्हणजे वापरताना पातं बोटावर मिटत नाही. मिटवायचं झालं तर पुन्हा खटका दाबूनच. म्हणजे सगळा जीव त्या दोन खाचांत. कानशीनं केसभर जास्त घासलं गेलं तर पातं लडबडणार, कमी घासलं तर अडकणार. आबा म्हणायचे, साच्याचा धोटा आणि हा चाकू दोघांनाही केसभराची चूक चालत नाही.

शेतात मात्र त्याचा उपयोग शून्य. हे मी स्पष्ट लिहितो, कारण अशा चाकूचं कौतुक करणारे लोक हे सांगत नाहीत. माती गेली की खटका अडतो, कांद्याच्या रसानं पातं काळं पडतं, आणि पितळेची मूठ घामानं निसटते, वर हाताला तो पितळी वास. त्याच्यापुढं आमच्या लोहाराचं खुरपं शंभर पटीनं कामाचं. पण खुरपं बघायला कोण येतं? चाकू बघायला वाड्यावस्त्यांवरनं माणसं यायची. सगळा त्या सिनेमांचा प्रताप. १९६५ च्या ‘वक्त’मध्ये राजकुमारनं समोरच्याच्या हातातला चाकू काढून घेतल्यापासून रामपुरी म्हणजे गुंडाची खूण झाली ती झालीच. एकदा पोलीस पाटलांनीही आबांना हटकलं. आबांनी शांतपणे मोजपट्टी आणून पातं मोजून दाखवलं, पाच इंच. शस्त्रांच्या नियमात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, आणि त्यातही घरकामाची, शेतीची अवजारं वगळलेली. मिलच्या युनियनमध्ये राहिलेला माणूस. कायदा तोंडपाठ असायचा.

आबांनी रामपूरला दोन कार्डं टाकली. उत्तर आलं नाही. आई गेली असेल, मिल तर गेलीच होती. तो कुठं भिवंडीला, मालेगावला मागावर लागला असेल, असं आबा स्वतःलाच सांगायचे.

मग २००६ साली एक गृहस्थ आले. पुण्याचे, जुन्या वस्तू जमवणारे. अडकित्ते, कुलपं, दिवे घेत गावोगाव फिरायचे. कुणीतरी आमच्या चाकूचं सांगितलेलं. त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग सांगायला लागले. बाजारात मिळतात त्यांच्या मुठीला नुसता पितळेचा पत्रा असतो, ही मूठ ओतीव आहे. वरची माशाच्या खवल्यांसारखी नक्षी हातानं कोरलेली आहे. एकही स्क्रू नाही, सगळं रिव्हिटांवर. कारागिरानं एकेक भाग त्याच्या जोडीदारावर घासून बसवलाय, म्हणून याची कमान दुसऱ्या चाकूला लागायची नाही. फक्त एका गोष्टीनं ते हळहळले. थोरली दर खंडेनवमीला चिंच आणि राख लावून तो लख्ख करायची. पितळेवर वर्षांनी चढलेला काळपट रंग जमवणाऱ्याला हवा असतो, तो तुम्ही घालवलात, म्हणाले.

“मग काय, काळंबेरं देव्हाऱ्याम्होरं मांडू?” थोरली आतनं म्हणाली.

एवढं होऊनही त्यांनी बारा हजार सांगितले. त्या वर्षी धाकट्या चुलत बहिणीचं नर्सिंगचं शिक्षण फीपायी अडलं होतं. थोरली दारात येऊन उभी राहिली. आबा म्हणाले, “माझा असता तर दिला असता.”

“चोवीस वर्सं झाली. कोण येणार हाय त्यो?”

“आला तर?”

गृहस्थ चहा पिऊन गेले. थोरली आबांशी आठ दिवस बोलली नाही; ताट पुढं सरकवायची आणि आत जायची. फी शेवटी दोन शेळ्या विकून भरली. आबांच्या बाजूनं बोलणारा घरात कोणी नव्हता, मीही नव्हतो. बहिणीची फी आणि एका अनोळखी माणसाचा शब्द, यात कुठलं पारडं जड, हे मला आजही पटकन सांगता येत नाही. मला वाटतं आबांनाही ते सोपं गेलं नसावं. त्या आठ दिवसांत त्यांनी ट्रंकेला हात लावला नाही.

आबा २०१४ ला गेले. कार्डांवरचा पत्ता त्यांच्याबरोबर गेला.

२०२३ च्या मार्चमध्ये रामपुरात एका चौकात मोठा चाकू उभा केला, वीस फुटी, पितळ आणि पोलादाचा. चुलतभावानं मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला. थोरलीनं चष्मा लावला. चाकूकडं तिनं बघितलंच नाही, खाली उभ्या राहिलेल्या गर्दीवर बोट फिरवत विचारलं, “ह्यात म्हातारी माणसं कंची?”

त्याच सुमारास त्या पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला, आता त्यांचा मुलगा बोलत होता. वडिलांच्या वहीत नोंद आहे, चाकू अजून आहे का, वीस हजार देतो. मी फोन थोरलीच्या कानाला लावला. ती ऐकून म्हणाली, “तोळाभराच्या बोरमाळंचा आजचा भाव बघ बाबा, आन् मग बोल.” सोनं तेव्हा तोळ्याला साठ हजारांच्या आसपास होतं. तो हसला. मग थोरलीनं पुढं सांगितलं, “त्यातली अर्धी त्या रामपूरच्या नावावर हाय. ती तुला कशी इकू?”

फोन पुन्हा आला नाही. खटका अजून चालतो, पण पातं पूर्वीसारखं झेपावत नाही, शेवटी थोडं बोटानं ओढावं लागतं. आबा कमानीला रॉकेल घालायचे. रॉकेल आता गावात मिळत नाही, म्हणून यंदा खंडेनवमीला शिलाई मशीनचं तेल घातलं.